सुलीचं जळण

आष्ट्याच्या शाळेत मी रुजू झालो त्याच आठवड्यात माझी एका माणसानं तोंडी परीक्षा घेतली. तोवर दुसऱ्यांच्या पोरांच्या परीक्षा घेऊन मी जरा गुर्मीत होतो. ती गुर्मी माझ्या घरासमोरच्या लाकडाच्या वखारीत उतरली. मला फक्त चार दिवस पुरेल एवढं जळण हवं होतं.

"कशाला पायजे?" वखारवाल्यानं विचारलं.

"जाळायला," मी म्हणालो. याहून सरळ उत्तर असू शकेल असं मला आजही वाटत नाही. पण त्यांनी हातातली तराजूची साखळी सोडून दिली.

"जाळायला तर समदेच नेत्यात. चुलीला का बंबाला? घरात माणसं किती? चुलीशेजारी दुसरं भांडं ठिवायला वैल हाय का? धूर जायाला जागा कुठनं हाय? सकाळचं सैपाकाला कोण बसतंय, आन् त्यास्नी फुंकणी मारायची सवय हाय का?"

पाच प्रश्नांपैकी मला एकाचंच उत्तर येत होतं, ते म्हणजे घरात माणसं किती. बाकीची उत्तरं बायकोकडे होती. त्यांनी मला शांतपणे घरी परत पाठवलं. मी विचारून आलो, तेव्हा कुठं जळण मिळालं. वर सूचनाही मिळाल्या. "भाकरीला बाभळ. बंबाला चिंचंची मुळकंडं. दोनी मिसळू नका. आन् मास्तर, चुलीत लाकूड कोंबायचं न्हाई. त्याला श्वास घ्यायला जागा ठिवायची."

हे सिद्धू आण्णा. गाव त्यांना नुसतं आण्णा म्हणायचं. उंच, काटक, डोक्याला तांबूस पटका, आणि बोटं बाभळीच्या सालीसारखी भेगाळलेली. बसस्टँडवर दादासो नावाचे हॉटेलवाले होते. त्यांच्या भट्टीला जळण आण्णांचंच लागायचं. ते एकदा वैतागून म्हणाले, "आण्णा, लाकूड इकताय का लेक देताय? किती इचारावं ते!"

"दोनीकडं घर बघूनच द्यावं लागतंय दादासो," आण्णा म्हणाले, आणि त्यांना त्या दिवशी नुसतं आंब्याचं फोडलेलं दिलं, कारण दादासो भट्टीत लाकूड 'कोंबतात' अशी त्यांच्याकडे बातमी होती.

आण्णा मूळचे जतच्या पलीकडच्या एका धनगरवाडीचे. अर्ध्या मुलखात कानडी आणि सगळ्या मुलखात ऊन. तिकडं म्हणे झाड इतकं कमी, की एखादं मोठं झाड असलं तर लोक त्याची माणसासारखी चौकशी करतात. स्वयंपाक शेणीवर आणि तुरकाट्यांवर. धूर घरभर. आण्णांच्या आईचे डोळे त्या धुरानं चाळिशीतच गेले. शेवटी शेवटी ती भाकरी भाजली का नाही हे वासावर ओळखायची. तरुणपणी आण्णा मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरले. रानात मेंढरं बसवायची, त्यांच्या लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचं, असा तो व्यवसाय. नदीच्या अंगानं उभी असलेली बाभळींची बनं त्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. "अय्यय्यो," ते मला सांगत, "मला वाटलं मास्तर, हितल्या बाया चुलीम्होरं बसून हसतच आसतील!" मेंढरं पुढं गेली, आण्णा मागं राहिले. आधी दुसऱ्याच्या वखारीत लाकूड फोडलं, मग स्वतःची वखार टाकली.

त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र चांगलं लाकूड कधी जळलं नाही. त्यांच्या बायको हरणाबाई चुलीला साली आणि ढलप्या लावायच्या. "गावाला बाभळ आन् मला टरफलं," त्या भिंतीपलीकडून ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या. आण्णांना ऐकू यायचं नाही. एरवी त्यांचे कान असे, की दोन फोडी एकमेकींवर आपटून लाकूड किती वाळलंय ते सांगायचे. वाळलेलं 'टण' वाजतं, ओलं 'थप' करतं. मधले चार-पाच आवाज होते, ते फक्त त्यांनाच कळायचे. मला शिकवण्याचा त्यांनी बराच प्रयत्न केला. मी सगळ्या लाकडांना पास करायचो.

त्यांना एकच मुलगी, सुलाबाई. सुली. चौथी पास. आण्णांना स्वतःला अक्षर येत नव्हतं, त्यामुळं या चौथीचा त्यांना इतका अभिमान, की वखारीच्या दारावर 'येथे वाळलेले जळण मिळेल' ही पाटी सुलीच्या हातची होती आणि ती ते रोज पटक्याच्या टोकानं पुसायचे. मी आलो तेव्हा तिचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. जावई बाळासो विट्याकडचे. तिकडच्या अनेकांसारखे सोनं गाळायच्या धंद्यात, थेट वरंगळला. दुकान खाली, वर एक खोली. लग्न ठरवताना आण्णांनी मुलाला दोनच प्रश्न विचारले होते म्हणे. दारू पितोस का, आणि भट्टीला काय जाळतोस. दारू पीत नव्हता. भट्टीला कोळसा म्हणाला. आण्णांनी तेवढ्यावर एक रात्र विचार केला होता.

सुलीची पत्रं यायची ती मी वाचून दाखवायचो, आणि उत्तरं मी लिहायचो. एक पोस्टकार्ड दोन वेळा मोठ्यानं वाचून घेतल्याखेरीज आण्णा ते पेटीत टाकत नसत. सुलीच्या पत्रात शेवटी एक ओळ ठरलेली असायची, 'वखारीत नवीन काय आले?' आणि आण्णा चिंच आली, जांभूळ आलं, हे असं सांगायचे, की जणू घरी पाहुणेच आलेत.

त्रेसष्ट सालच्या श्रावणात सुली पहिल्या बाळंतपणाला आली. मुलगा झाला. आमच्याकडं बाळंतिणीला सव्वा महिना सकाळ-संध्याकाळ कढत पाणी आणि बाजेखाली निखाऱ्यांचा शेक. खोली बंद, वारा नको. त्या वर्षी पावसानं महिनाभर उघडीप दिली नव्हती आणि वखारीतलं एकूण एक लाकूड दमट होतं. शेगडी धुमसायची. खोलीत गेलं की डोळे चुरचुरायचे. बाळ खोकायचं. आण्णा दर तासाला नव्या फोडी निवडून आणायचे, आपटून बघायचे, आत द्यायचे, आणि दाराशी उभे राहून धूर बघायचे.

नवव्या दिवशी बाळ गेलं.

डॉक्टरांनी सांगितलं, मूल जन्मतःच अशक्त होतं, फुप्फुसं धरली नव्हती, कुणाचा दोष नाही. मी तिथं होतो. आण्णांनी त्यातला 'फुप्फुसं' एवढाच शब्द ऐकला. पुढं कितीतरी दिवसांनी, लाकूड मापताना मध्येच थांबून मला म्हणाले, "माज्याच वखारीतलं लाकूड, मास्तर. दुसऱ्याचं आसतं तर त्याला शिव्या तरी दिल्या आसत्या."

मग त्यांनी मनाशी एक ठरवलं. पुढच्या माघात नदीकाठची एक जुनी बाभळ उभीच विकत घेतली. ती तोडताना कुणाला हात लावू दिला नाही. फोडी मनगटाएवढ्या, साल सोललेली, गाठ असेल ती बाजूला. सगळा उन्हाळा अंगणात पसरल्या, पावसाळ्यात माळ्यावर, पुन्हा पुढचा उन्हाळा अंगणात. दिवसाला एक याप्रमाणे चाळीस मोळ्या बांधून पुन्हा माळ्यावर रचल्या. सव्वा महिना आणि वर दोन-तीन दिवस हाताशी. प्रत्येक मोळीला हरणाबाईंच्या जुन्या लुगड्याची चिंधी, म्हणजे चुकून विकली जाऊ नये. गावात त्या मोळ्यांना नाव पडलं, 'सुलीचं जळण'. सुलीला दिवस गेल्याची बातमी तोवर नव्हतीच. दादासो म्हणायचे, "आण्णा, आधी जळण तयार, मग नातू! आमी आपलं उलटं करतोय."

"तुमी कोंबताय बी," आण्णा म्हणायचे.

पासष्टच्या उन्हाळ्यात कार्ड आलं, सुलीला पाचवा लागला. आण्णांनी ते कार्ड माझ्याकडून चारदा वाचून घेतलं, आणि सरळ उठून माळ्यावर गेले. वरून आवाज यायला लागला. टण. टण. टण. चाळीसही मोळ्या त्यांनी वाजवून बघितल्या. हरणाबाई खालून ओरडल्या, "आवं, पोरीला काय पाठवायचं ते बघा आधी! लाकडं काय लाडू हायती व्हय?" पण त्याही हसत होत्या.

जेठाच्या एका दुपारी वळीव आला. नुसता पाऊस नव्हे, वादळ. वखारीच्या माळ्यावरचे पत्रे पानासारखे उडाले आणि एक तर थेट दादासोंच्या हॉटेलाच्या पाठीमागं जाऊन पडला. आण्णा शिडीवरून वर चढेपर्यंत सुलीचं जळण सगळं भिजलं होतं. अंगावरचं धोतर सोडून ते मोळ्यांवर घालायला लागले होते, असं हरणाबाई पुढं सांगायच्या. आधी हसू यायचं त्यांना सांगताना. नंतर त्यांनी ते सांगणं सोडलं.

दोन उन्हाळ्यांची वाळवण अर्ध्या तासात गेली. आणि त्यामागोमाग मृग लागला.

आषाढाच्या दुसऱ्या आठवड्यात बाळासोंचं कार्ड आलं. सातवा चालू आहे, या महिन्यात आठ दिवसांची सवड आहे, सुलाला घेऊन निघतो, कळवावे. आण्णा ते ऐकून आत गेले आणि दोन फोडी घेऊन आले. माझ्यासमोर आपटल्या. थप. एवढं मलासुद्धा कळलं.

"लिवा," ते म्हणाले. "इतक्यात निघू नका. जळण वाळलं की कळवतो. मग निघा."

"आण्णा, सातव्यात नाही आणली तर आठव्यात हलवता येत नाही," मी म्हणालो. आमच्याकडची ती रीतच, आठव्या महिन्यात बाईला प्रवास नाही.

"चार दिस उघडलं की झालं. लय वली न्हाईत. वरनंच भिजल्यात."

"दुसरं काही नाही का? कोळसा?"

"कोळशाच्या वाफंनं बंद खोलीत माणूस गुंगतंय. न्हाई."

हरणाबाई दारात येऊन उभ्या होत्या. "वली लाकडं म्हणून कोण लेक आणायची थांबतंय व्हय? मी शेणी लावीन. मी डोळं फोडून घीन फुकून. तिला येऊ द्या."

आण्णा त्यांच्यावर कधी आवाज चढवत नसत. रागावले की कानडीत शिरत आणि स्वतःशीच बोलत. त्या दिवशी ते मराठीतच बोलले, आणि अगदी हळू. "हरणे, मागच्या बारीला बी मी म्हनलं हुतं, चालतंय. तू बी म्हनली हुतीस, चालतंय."

हरणाबाई आत गेल्या.

मी कार्ड लिहिलं. माझ्या अक्षरात. नेहमीप्रमाणं दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचताना मला थांबावंसं वाटलं होतं, पण मास्तर माणूस, लिहिलेलं खोडायची सवय नसते. ते कार्ड पेटीत पडलं.

पुढचे बावीस दिवस पाऊस पडला. आण्णांनी मोळ्या घरात आणल्या. चुलीभोवती, उतरंडीशेजारी, अंथरुणाच्या उशापायथ्याला, जिथं तिथं लाकडं. हरणाबाई त्यातून वाट काढत भाकऱ्या करायच्या आणि निखारे काढून लाकडांकडे सरकवायच्या. रोज संध्याकाळी मी शाळेतून आलो की आण्णा हिशोब द्यायचे, "आज नऊ वाजल्या." दोन दिवसांनी, "बारा वाजल्या." ज्या मोळ्या टण वाजायच्या त्या वेगळ्या. विसाव्या दिवशी सतरा झाल्या होत्या. मी म्हणालो, "सतरा पुरे झाल्या, आण्णा. बाकीच्या तिच्या समोर वाळतील. बोलवा आता." त्यांनी त्या सतराही मोळ्या पुन्हा एकदा वाजवून बघितल्या. दुसऱ्या दिवशी कार्ड आणायला गेले, आणि पोस्टातून तसेच परतले. श्रावण लागला होता. आठवा.

"नववा लागला की आणू," ते म्हणाले. "तवर समद्या वाजतील."

श्रावणात एका दुपारी ऊन पडलं. आण्णांनी सगळ्या मोळ्या सोडून अंगणभर पसरल्या होत्या आणि स्वतः मधोमध बसले होते. तेवढ्यात तार आली. तार इंग्रजीत, म्हणून तारवाला ती घेऊन सरळ शाळेत आला. शाळा ते वखार हे अंतर मी आयुष्यात कितीदा चाललो असेन, पण त्या दिवशी ते संपू नये असं वाटत होतं.

माझ्या हातातला कागद बघून आण्णा उठले नाहीत. "सुली?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"आन् पोर?"

"तेही."

नंतर बाळासोंच्या पत्रातून कळलं. आठव्यातच अचानक सुरू झालं. वर एक खोली, शेजार परक्या भाषेचा, सुईण यायला उशीर. आण्णांना ते मी वाचून दाखवलं, त्यांनी दुसऱ्यांदा वाचायला सांगितलं नाही. तारेच्या त्या दुपारी मात्र त्यांचा हात सवयीनं दोन फोडींकडे गेला. त्यांनी त्या एकमेकींवर आपटल्या.

टण.

घरातून हरणाबाईंचा हंबरडा ऐकू आला. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर आण्णांनी चाळीस मोळ्या पुन्हा बांधल्या, चिंध्यांसकट, आणि माळ्यावर नेऊन ठेवल्या. "इकून टाका, न्हाईतर जाळा," हरणाबाई एकदोनदा म्हणाल्या. मग म्हणायच्या थांबल्या. वखार चालू होती. आण्णा माप पूर्वीसारखंच चोख द्यायचे. फक्त काही विचारत नसत. एकदा दादासो भट्टीला जळण न्यायला आले, आणि जरा वेळ उभेच राहिले. शेवटी न राहवून म्हणाले, "आण्णा, कशाला पायजे ते इचारलं न्हाई तुमी."

"जाळायलाच नेताय न्हवं?" आण्णा म्हणाले.

दादासो लाकूड न घेताच माझ्याकडे आले. हा माणूस मिशीला तूप लावून दिवसभर लोकांची थट्टा करणारा. माझ्या ओट्यावर बसून पटक्यात तोंड घालून रडला. "कोंबत न्हाई आता मी," एवढंच म्हणाला.

अशी दोन वर्षं गेली. सदुसष्टच्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला. आष्ट्यात भिंतींना भेगा गेल्या, काही जुनी घरं खचली, आणि भीती अशी बसली की पुढं कितीतरी दिवस अख्खं गाव थंडीत बाहेर झोपत होतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी पारूबाई वखारीत आल्या. बौद्धवाड्यातल्या पारूबाई. वखारीतल्या साली-ढलप्या गोळा करून न्यायला नेहमी यायच्या, त्यामुळं हरणाबाईंची आणि त्यांची सालींवरून जुनी भांडणं आणि जुनी मैत्री. त्यांच्या सुनेला आदल्या दिवशी मुलगी झाली होती. लिंबाच्या झाडाखाली, गोणपाटाच्या चवाळ्याच्या आडोशाला. भिंतीच्या आत जायला सून तयार नव्हती.

"चार फोडी द्या आण्णा," पारूबाई म्हणाल्या. "पोरीला शेक द्यायचाय. गारठून चाललीया."

आण्णांनी हातातली तराजूची साखळी सोडून दिली. मी माझ्या ओट्यावरून बघत होतो. मग ते म्हणाले, "बाज हाय का?"

"हाय."

"शेगडी का घमेलं?"

"घमेलं."

"वारं कुठनं येतंय? चवाळं कंच्या अंगाला बांधलंय? रातीला जवळ कोण बसतंय?"

पारूबाईंनी एकेक उत्तर दिलं. आत भाकरी थापायचा आवाज बंद पडला होता. हरणाबाई ऐकत होत्या.

आण्णा शिडी लावून माळ्यावर गेले आणि चिंधी बांधलेली मोळी काढून खाली आले. पारूबाईंनी ती ओळखली. "आवं आण्णा, ही नगं. ही सुलाबाईची."

"तिचीच हाय."

पण मोळी हातात घेताच त्यांचा चेहरा बदलला होता. ती हलकी होती. त्यांनी एक फोड उपटून दुसरीवर आपटली. टणही नाही, थपही नाही. नुसता पोकळ खडखडाट, आणि फोडीतून पिवळसर पीठ भुरुभुरु त्यांच्या पायावर सांडलं. भुंगा लागला होता. दोन वर्षं माळ्यावर, कुणी हात न लावलेली बाभळ. वखारीतला कुठलाही फोड्या सांगू शकला असता की असं होणार. आण्णांना तर डोळे बांधून कळलं असतं. पण त्यांनी त्या मोळ्या पुन्हा कधी वाजवूनच बघितल्या नव्हत्या.

"भुंग्यानं खाल्लं, पारू," ते म्हणाले. "असलं लाकूड मी कुणाला कवा दिलं न्हाई गं."

पारूबाईंनी त्यांच्या हातातून मोळी काढून डोक्यावर घेतली. "पेटतंय न्हवं?" त्या म्हणाल्या. "मग?"

दुसरी मोळी हरणाबाईंनी उचलली.

त्या दिवसापासून आण्णा रोज सकाळी मोळ्या घेऊन बौद्धवाड्यात जायचे, आणि लिंबाखाली घमेल्याशी बसून स्वतः विस्तव करायचे. तिथलाच चहा प्यायचे. गल्लीतल्या दोघा-तिघांनी त्यावरून नाकं मुरडली. दादासोंनी त्यांना बसस्टँडवर चारचौघांत जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पोकळ लाकूड भराभर जळायचं, निखारा धरायचं नाही. दिवसाला एक मोळी पुरायची तिथं आता तीन-चार लागायच्या. चाळीस दिवसांचं जळण अकरा दिवसांत संपलं. मी एकदा बघायला गेलो होतो. आण्णा घमेल्यावर वाकून ज्वाळेच्या वर बघत होते, जिथं धूर असतो तिथं.

"धूर व्हत न्हाई न्हवं?" त्यांनी बाजेवरच्या बाळंतिणीला विचारलं.

"न्हाई आण्णा. जरासुदिक न्हाई," ती म्हणाली.

उघड्यावर, डिसेंबरच्या कोरड्या वाऱ्यात, कुठलंही लाकूड धूर धरून बसलं नसतं. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. 

बाराव्या दिवशी संध्याकाळी ते माझ्याकडे आले. हातात कोरं पोस्टकार्ड. ओट्यावर टेकले, पटका काढून गुडघ्यावर ठेवला.

"लिवा मास्तर."

"कुणाला?"

"पत्ता त्योच."

बाळासोंनी वरंगळची खोली कधीच सोडली होती, हे त्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. मी पत्ता लिहिला. चिरंजीव सौभाग्यवती हा मायनाही नेहमीसारखाच लिहिला.

"काय लिहू?"

ते समोर वखारीकडे बघत होते. दारावरच्या पाटीवरची अक्षरं आता पुसट झाली होती.

"जळण वाळलं," आण्णा म्हणाले. "येवढंच लिवा. निघा म्हणून लिवू नगा."